वयस्कर माणसाचा तोल आणि पडण्याचा धोका कसा तपासायचा, नवीन लोकांसाठी

नवीन फिजिओ, नर्सिंग शिकणारे, नुकतंच केअरटेकरचं काम धरलेले लोक, यांच्यासाठी हे लिहितेय. घरात वयस्कर आईवडील असतील तर तुम्हीही वाचा, फक्त टेस्ट करताना सेफ्टीचं जे लिहिलंय ते गाळू नका.

एक गोष्ट आधीच सांगते कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. ही तपासणी करायची ती माणूस नेमका कशामुळे पडतोय किंवा पडेल ते शोधायला. कागदावर नुसतं "हाय रिस्क" लिहिलं की घरचे म्हणतात आता उठायचं नाही, जे हवं ते जागेवर मिळेल, मग बसून बसून मांड्यांची ताकद जाते, तोल आणखी बिघडतो आणि एक दिवस बाथरूमला एकटं जाताना तो माणूस खरंच पडतो. कारण सापडलं तर मात्र बरंच काही करता येतं, गोळी बदलता येते, चष्मा बदलता येतो, पायात ताकद परत आणता येते, अगदी ऐंशीच्या पुढेसुद्धा.

आणि हा विषय छोटा नाहीये. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने जगात दरवर्षी ६ लाख ८४ हजार माणसं पडल्यामुळे दगावतात, अपघाती मृत्यूंमध्ये रस्ते अपघातांच्या खालोखाल हाच नंबर लागतो, आणि त्यात साठीच्या पुढचे सगळ्यात जास्त.

पायरी १: आधी बसून विचारा, स्टॉपवॉच नंतर

तीन प्रश्नांनी सुरुवात करा. गेल्या वर्षभरात पडलात का? उभं राहताना किंवा चालताना अस्थिर वाटतं का? पडायची भीती वाटते का? अमेरिकेतल्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेचा स्टेडी नावाचा जो कार्यक्रम आहे त्यात हेच तीन प्रश्न आहेत. एकाचं जरी उत्तर "हो" आलं तरी पुढे तपासायचं.

पण नुसतं "पडलात का" विचारलं की बरेच जण "नाही" म्हणतात. खोटं बोलायचं असतं असं नाही, त्यांच्या डोक्यात पडणं म्हणजे हाड मोडणं, नाहीतर सांगितलं तर बाहेर जाणं बंद होईल ही भीती. म्हणून वेगळ्या शब्दांत विचारा, कधी अडखळून खाली बसायला झालं का, पलंगावरून उतरताना जमिनीवर आलात का, भिंत धरली म्हणून वाचलो असं झालं का. न ठरवता जमिनीवर किंवा खालच्या पातळीवर येणं म्हणजे पडणं, लागलं की नाही हा वेगळा मुद्दा.

एकदा "हो" आलं की घाई करू नका, पूर्ण हकीकत ऐका, माझ्या मते अख्ख्या तपासणीतला सगळ्यात मोलाचा भाग हाच आहे. कुठे, किती वाजता, हातात काय होतं, पायात काय होतं, पडायच्या आधी काय करत होतात, डोळ्यांपुढे अंधारी आली का, स्वतः उठता आलं का, किती वेळ खाली पडून होतात. हकीकतीतच कारण दडलेलं असतं. उठल्या उठल्या दोन पावलं टाकली आणि गेले, तर बीपी बघा. कुशीवर वळताना किंवा वरच्या फळीकडे बघताना खोली गरगर फिरली, तर कानातल्या खड्यांची चक्कर असू शकते आणि ती डोकं ठरावीक पद्धतीने वळवून बऱ्याचदा एक-दोन बैठकांत जाते, वर्षानुवर्षं चक्करच्या गोळ्या खायची गरज नसते. अंधारात किंवा तोंड धुताना डोळे मिटल्यावर तोल जातो, तर तळपायाची संवेदना गेलेली असण्याची शक्यता. जिना उतरताना गुडघा दुमडला, तर मांडीची ताकद. रात्री लघवीला धावताना पडले, तर लघवीची घाई, खोलीतला उजेड आणि लघवीच्या गोळीची वेळ, तिन्ही बघायचं.

एक खास लक्ष द्यायची जागा सांगते. "पाय घसरला असेल बहुतेक" असं कुणी म्हणालं आणि जमिनीवर आपटल्याचं त्यांना नीट आठवतच नसेल, किंवा तोंडावर मार लागलाय पण हात टेकल्याची काही खूण नाही, तर क्षणभर शुद्ध गेली असू शकते. शुद्ध गेल्याचं पेशंटला स्वतःला पुष्कळदा आठवत नाही, म्हणून ज्यांनी बघितलं त्यांना विचारा. असं असेल तर तोलाच्या टेस्ट बाजूला ठेवून आधी डॉक्टर, हृदयाची तपासणी आणि ईसीजी.

पायरी २: गोळ्यांची पिशवी

सगळ्या गोळ्या समोर मागवा, चालू असलेल्या, बंद झालेल्या पण डब्यात असलेल्या, दुकानातून आपल्या आपण आणलेल्या, सगळ्या. झोपेच्या, घबराटीच्या, डिप्रेशनच्या, बीपीच्या, लघवी वाढवणाऱ्या, प्रोस्टेटच्या काही, साखर खूप खाली नेऊ शकणाऱ्या, तीव्र वेदनेच्या, आणि सर्दीची झोप आणणारी जुनी औषधं, या सगळ्यांनी पडण्याचा धोका वाढतो. नवीन काय सुरू झालं आणि पडणं कधी सुरू झालं या दोन तारखा शेजारी शेजारी लिहून बघा, कधी कधी उत्तर तिथंच मिळतं.

यातली कुठलीही गोळी तुम्ही बंद करायची नाही आणि घरच्यांनाही करू द्यायची नाही, झोपेच्या आणि घबराटीच्या गोळ्या अचानक तोडल्या तर झटकेही येऊ शकतात. यादी करून डॉक्टरांकडे पाठवायची, सोबत पडल्याची हकीकत. रक्त पातळ करायची गोळी असेल तर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा, ती पुढे लागणार आहे.

पायरी ३: झोपून आणि उभं राहून बीपी

ही तपासणी सगळ्यात जास्त गाळली जाते, का ते मला कळत नाही कारण फक्त बीपीचं मशीन आणि दहाएक मिनिटं लागतात. ५ मिनिटं शांत झोपवा, बीपी घ्या. उभं करा, १ मिनिटाने घ्या, परत ३ मिनिटांनी घ्या. वरचा आकडा २० किंवा जास्त, नाहीतर खालचा १० किंवा जास्त उतरला तर उभं राहिल्यावर बीपी पडतंय. आकडा तेवढा उतरला नाही पण डोकं हलकं झालं, डोळ्यांपुढे अंधारी आली, तरी लिहून ठेवा. उभं करताना शेजारी उभे राहा, मागे खुर्ची किंवा पलंग असू द्या. बसून घेतलेल्या एका बीपीवरून यातलं काही कळत नाही.

पायरी ४: डोळे, पाय, चप्पल

चष्मा शेवटचा कधी तपासला, मोतीबिंदू आहे का. ज्या चष्म्यात वर लांबचं आणि खाली जवळचं दिसतं तो घालून जिना उतरताना खालची पायरी धूसर दिसते, पाऊल चुकतं, अशांना चालायला फक्त लांबचा वेगळा चष्मा असावा का ते डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारा. पाय उघडे करून बघा, मोजे काढून, अंगठ्याचं हाड बाहेर आलेलं, कुरूप, वाढलेली नखं, जखम. १० ग्रॅमचा मोनोफिलामेंट (स्पर्श तपासायचा नायलॉनचा धागा) असेल तर तळव्याला लावून बघा, १२८ हर्ट्झचा ट्युनिंग फोर्क (कंप पावणारा धातूचा चिमटा) असेल तर पायाच्या अंगठ्याच्या हाडावर लावून कंप जाणवतो का ते बघा. डायबेटिस असेल तर हे हवंच, आणि डायबेटिस नसताना संवेदना कमी निघाली तर बी १२ तपासायला सांगा. मग चप्पल, टाच मोकळी आहे का, तळ झिजलाय का, सैल झालीये का.

पायरी ५: तोलाच्या टेस्ट

आधी सेफ्टी. खुर्ची चाकाची नको, पाठ भिंतीला टेकवून ठेवा. जमीन कोरडी, मधे काही नाही. तुम्ही पेशंटच्या बाजूला किंचित मागे, त्याच्या कमजोर बाजूला उभे राहा, एक हात कमरेपाशी तयार, कमरेचा पट्टा असेल तर लावा. दंड धरून ओढू नका, तसं धरलं तर पडताना माणूस सावरत नाही, वर खांदा दुखावतो. छातीत दुखत असेल, आजच पडून लागलंय, खूप धाप आहे, तर आज टेस्ट नाही. आणि टेस्ट सुरू व्हायच्या आधी तुम्ही स्वतः एकदा करून दाखवा, नुसतं तोंडी सांगितलेलं अर्धं कळतं.

चार पोझिशनची टेस्ट पहिली घ्या कारण ती सोपीकडून अवघडकडे जाते. डोळे उघडे, काठी न घेता, प्रत्येक पोझिशन १० सेकंद. पहिली, पावलं शेजारी जोडून. दुसरी, एक पाऊल थोडं पुढे म्हणजे त्याच्या आतल्या बाजूला दुसऱ्या पायाचा अंगठा लागेल असं. तिसरी, एका पायाची टाच दुसऱ्याच्या बोटांना लावून, एका रेषेत. चौथी, एका पायावर. पोझिशन घेईपर्यंत हात द्या, ते स्थिर झाले की "सोडू का" विचारा, सोडा आणि मग वेळ धरा. हात पसरले, अंग हललं तरी चालतं, पाऊल हललं किंवा आधार घेतला की थांबायचं. एक जमली नाही तर पुढची घ्यायची नाही. तिसरी पोझिशन १० सेकंद टिकली नाही तर पडण्याचा धोका जास्त समजा. एका पायावर ५ सेकंदही उभं राहता येत नसेल तर पडून लागण्याचा धोका वाढलेला असतो हेही लक्षात असू द्या.

दुसरी, ३० सेकंदांत खुर्चीतून किती वेळा उठता येतं. हात नसलेली सरळ पाठीची खुर्ची, बैठक साधारण ४३ सेंटीमीटर उंच. हात छातीवर घडी करून, पूर्ण उभं राहायचं, परत बसायचं. ३० सेकंद संपताना अर्ध्याहून जास्त उठलेले असतील तर ते एक धरा. हाताचा आधार घेऊनच उठता येत असेल तर स्कोअर शून्य लिहायचा, आणि शेजारी "हाताच्या आधाराने उठतात" असंही लिहा कारण शून्यातून पुढच्या माणसाला काही कळत नाही. सीडीसीच्या तक्त्यात ६५ ते ६९ वयात पुरुष १२ च्या खाली आणि बाई ११ च्या खाली म्हणजे सरासरीपेक्षा कमी, ७५ ते ७९ ला ११ आणि १०, ८५ ते ८९ ला दोघांनाही ८. ही टेस्ट मांड्यांची आहे, आणि मांड्यांची ताकद व्यायामाने वाढते, म्हणून इथे कमी स्कोअर आला तर मला उलट आशा वाटते, काम करायला जागा सापडली.

तिसरी, उठा-चाला-वळा, इंग्रजीत टाइम्ड अप अँड गो, सगळे टग म्हणतात. ही १९९१ पासून याच रूपात चालू आहे. हात असलेली खुर्ची, समोर ३ मीटरवर जमिनीला टेप. नेहमीच्या चपला, नेहमीची काठी किंवा वॉकर असेल तर घेऊन. "चला" म्हटलं की उठायचं, आपल्या रोजच्या स्पीडने टेपपर्यंत जायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. "चला" म्हणताना घड्याळ सुरू, बूड टेकलं की बंद. एकदा सराव करू द्या, दुसऱ्या वेळचा आकडा लिहा. "लवकर लवकर" म्हणू नका, शर्यत वाटली की माणूस धावतो आणि टेस्टही बिघडते.

किती सेकंदांना धोका म्हणायचं यावर वेगवेगळे आकडे दिसतील आणि नवीन लोक इथेच गोंधळतात. सीडीसी १२ किंवा जास्त म्हणतं, काही जण १३.५ वापरतात, वयस्कर लोकांचं पडणं टाळण्याच्या २०२२ च्या जागतिक मार्गदर्शक सूचनांमध्ये १५ पेक्षा जास्त असं आहे. तुमच्या ठिकाणी जो चालतो तो घ्या आणि सगळ्यांसाठी तोच ठेवा. पण खरं सांगायचं तर टगचा आकडा एकट्याने पडणं ओळखायला फार कच्चा आहे, ११ सेकंदांत टेस्ट करणारा माणूस पडू शकतो आणि १६ वाला वर्षानुवर्षं न पडता राहू शकतो. म्हणून घड्याळाकडे कमी आणि माणसाकडे जास्त बघा. उठताना पहिल्यांदाच जमलं की दोन-तीनदा झोके घेतले? पहिलं पाऊल टाकायला अडकले का? पाय घासतायत का, हात हलतायत का, की एक हात अजिबात हलत नाहीये? वळताना दोन-तीन पावलांत वळले की अख्खं अंग एकत्र धरून बारीक बारीक पावलांनी? बसताना हळू बसले की खुर्चीत कोसळले? काठी आहे पण हवेतच लटकतीये असं तर नाही ना? एक हात न हलणं आणि पाय चिकटल्यासारखे होणं दिसलं तर पार्किन्सनचा विचार करून न्यूरॉलॉजिस्टकडे पाठवा. शक्य असेल आणि त्यांची परवानगी असेल तर मोबाईलवर व्हिडिओ घ्या, तीन महिन्यांनी शेजारी ठेवून बघता येतो.

वेगासाठी आणखी सोपं, ४ मीटर नेहमीच्या चालीने चालायला सांगा. ५ सेकंद किंवा जास्त लागले म्हणजे वेग सेकंदाला ०.८ मीटर किंवा त्याखाली, हा धोक्याचा कट-ऑफ आहे.

मग चालता चालता गप्पा मारा. सहज काहीतरी विचारा, आणि बघा की उत्तर द्यायला ते थांबतात का. १९९७ मध्ये स्वीडनमधल्या संशोधकांनी हे मांडलं होतं, बोलताना चालणं थांबणारी माणसं पुढे जास्त पडली. चालायलाच सगळं लक्ष लागत असेल तर मागून कुणी हाक मारली की तोल जातो. इथे अडचण दिसली तर विसरभोळेपणा वाढलाय का तेही विचारा.

बर्ग बॅलन्स स्केल म्हणून १४ कामांची, ५६ मार्कांची मोठी टेस्ट आहे, १५-२० मिनिटं लागतात, फिजिओंनी शिकून घ्या, कुठल्या कामात मार्क गेले त्यावरून व्यायाम ठरवता येतो. बाकीच्यांना वरच्या टेस्ट पुरतात.

पायरी ६: भीती वेगळी मोजा

हे पुष्कळ जण विचारतच नाहीत. काही माणसांच्या टेस्ट चांगल्या येतात पण एकदा पडल्यापासून ती घराबाहेर पडलेली नसतात, आणि काहींना तोल अजिबात नसतो पण स्टुलावर चढून पडदे लावायची हौस तशीच असते. दोघांशी बोलायचं वेगळं. फेस-आय नावाची १६ प्रश्नांची प्रश्नावली आहे, तिचं ७ प्रश्नांचं छोटं रूपही आहे. ती नसेल तर सरळ विचारा की पडायच्या भीतीने कुठली कामं सोडलीत. सोडलेल्या कामांची यादी म्हणजे पुढे व्यायामाचं टार्गेट, कारण "स्नायू मजबूत करा" म्हटल्यावर कुणी उठत नाही, "परत एकट्याने खाली बागेत जायचंय" म्हटलं की उठतात.

पायरी ७: जिथे राहतात ती जागा

शक्य असेल तर जाऊन बघा, नाहीतर व्हिडिओ कॉलवर मोबाईल फिरवायला सांगा. पलंगापासून बाथरूमपर्यंतचा रस्ता आधी, तोही रात्रीच्या उजेडात. सरकणारी पायपुसणी, वायरी, उंबरा, ओली फरशी, कमोडजवळ धरायला काय आहे. टॉवेलचा दांडा धरून उठत असतील तर तो एक दिवस निघून येणार, तिथे पक्का हँडल बसवायला सांगा. जिन्याचा कठडा दोन्ही बाजूंना आहे का. एवढं बघितलं तरी पुष्कळ.

पायरी ८: आता ठरवा

२०२२ च्या जागतिक सूचनांप्रमाणे यातलं एकही असेल तर धोका जास्त: पडून दवाखान्यात जावं लागेल एवढं लागलं, वर्षात दोन किंवा जास्त वेळा पडले, एकूणच शरीर खूप क्षीण झालंय, पडल्यावर स्वतः उठता न येऊन तासभर तरी जमिनीवर होते, किंवा शुद्ध गेली होती. अशांना सगळ्या बाजूंनी नीट तपासणी लागते, डॉक्टर, फिजिओ, गोळ्यांचा आढावा. एकदाच पडले, फारसं लागलं नाही, पण चाल किंवा तोल बिघडलेला आहे, तर मधला गट, फिजिओकडून तोलाचे आणि ताकदीचे व्यायाम. बाकीच्यांना व्यायामाची माहिती द्या आणि वर्षाने परत विचारा.

काही गोष्टींत मात्र गट-बिट बघत बसायचं नाही, त्याच दिवशी दवाखाना. डोक्याला मार लागला आणि रक्त पातळ करायची गोळी चालू आहे, मग माणूस कितीही ठीक वाटू दे. जांघेत दुखतंय आणि पायावर भार देता येत नाही. एका बाजूचा हात-पाय लुळा, बोलणं अडखळतंय. शुद्ध हरपली. किंवा बरा चालता माणूस दोन दिवसांत अचानक वारंवार पडायला लागला, यामागे लघवीचं किंवा छातीचं इन्फेक्शनही निघू शकतं, ताप नसला तरी.

पायरी ९: व्यायाम आणि पुन्हा तपासणी

जो व्यायाम तोलाला थोडं आव्हान देतो तोच पडणं कमी करतो. नुसतं बसून हातपाय हलवणं किंवा फक्त फिरायला जाणं यावर भागत नाही, आणि ज्यांचा तोल फार बिघडलाय त्यांना एकदम भरभर चालायला लावलं तर उलट जास्त पडतात. न्यूझीलंडचा ओटागो कार्यक्रम यासाठी चांगला आहे, घरच्या घरी आठवड्यात तीनदा साधारण अर्धा तास ताकद आणि तोल, शिवाय जमेल तसं चालणं. ताई ची, म्हणजे संथ हालचालींचा चिनी व्यायाम, आवडत असेल तर तीही चालते. तोलाचे व्यायाम करताना ओट्याजवळ किंवा भिंतीच्या कोपऱ्यात उभं राहायचं, धरायला समोर काहीतरी पक्कं हवंच. आणि जमिनीवरून उठायचं कसं हे सुद्धा शिकवा, आधी कुशीवर, मग हात-गुडघ्यांवर, रांगत खुर्चीपर्यंत, खुर्चीवर हात टेकून एक पाय पुढे आणि मग वर. उठता येतं हे कळलं की भीती निम्मी होते.

नोंद लिहिताना आकड्यासोबत कारण आणि पुढचं काम लिहा. उदाहरणार्थ, "टग १७ सेकंद, वळताना बारीक पावलं, उभं राहिल्यावर बीपी २४ ने उतरतं, डॉक्टरांना बीपीच्या गोळ्यांचं विचारलं, खुर्चीतून उठायचा व्यायाम सुरू." दोन-तीन महिन्यांनी त्याच खुर्चीवर, त्याच चपला घालून, त्याच वेळी परत टेस्ट घ्या, मधे पडले का ते आधी विचारा, आणि नवीन आकडे पेशंटलाही दाखवा.